प्राणिजात

आळंदीची कार्तिकी होऊन आठवडा झाला असेल. आमच्या गावातल्या विठ्ठलमंदिरात दर रविवारी सकाळी आठला मुलांचा वर्ग भरतो. हरिपाठ, गीतेचे दोन-चार श्लोक, चालीवर एखादा अभंग, शेवटी पसायदान आणि मग खिरापत. थंडीत सभामंडपातली शहाबादी फरशी इतकी गार असते, की मुलं बसायच्या आधी सतरंजीचं टोक पायाखाली ओढून घेतात. त्या दिवशी मी रात्रपाळी करून परस्पर देवळात आलो होतो. डोळे चुरचुरत होते, कानात अजून पंपांची घरघर होती. पसायदान संपलं, मुलं उठायला लागली, आणि एरवी मागे बसून टाळाच्या दोरीशी चाळा करणारी सहावीतली एक मुलगी पुढे आली. म्हणाली, "काका, जो जे वांछील तो ते लाहो, त्याच्यात मासे पण येतात का?"

"हो तर. पुढे प्राणिजात म्हटलंय ना. प्राणिजात म्हणजे सगळे जीव. मासेसुद्धा."

"मग माशांना काय पाहिजे असतं?"

"पाणी," मी म्हणालो.

"पाणी तर आहे त्यांना," ती म्हणाली आणि खिरापत घ्यायला पळाली.

घरी येऊन आडवा झालो, पण झोप लागेना.

ती आजीबरोबर कार्तिकीला इंद्रायणीच्या घाटावर गेली होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवसांत बंधाऱ्यावरून पाणी पडतं तिथून खाली फेसाचे ढीग वाहत होते. लांबून पाहिलं तर गादीतला कापूस पिंजून कुणी नदीवर पसरलाय असं वाटावं. जवळ गेलं की आधी धुण्याच्या पावडरीचा वास येतो आणि त्याच्या तळाशी दुसरा, गटाराचा. वारकरी दोन्ही हातांनी फेस बाजूला सारतात आणि परातीएवढं पाणी मोकळं झालं की त्यात बुडी मारतात. एक म्हातारी माउली ओंजळीत पाणी घेऊन उभी होती. बुडबुडे एकेक करून फुटेपर्यंत थांबली, मग डोळे मिटून ते पाणी तोंडाला लावलं. मी तिला अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही. तिच्या त्या थांबण्यात इतकी माया होती, की माझ्याजवळचं सगळं रसायनशास्त्र तिथं उद्धट वाटलं असतं. आणि तरीही ते पाणी तिच्या पोटात गेलं, हेही खरंच.

माझी आजी देहूची. लहानपणी तिच्याबरोबर घाटावर जायचो तेव्हा ती पदराच्या टोकाला कणकेच्या गोळ्या बांधून न्यायची. एक गोळी पाण्यात पडली, की आधी नुसती सावली हलायची आणि मग हातभर लांबीचे मासे अंगावर येतील की काय असे वर यायचे. त्यांचे खवले रुपयाएवढे आणि तोंड जाड ओठांचं. आजी त्यांना खडशी म्हणायची. देवाचे मासे म्हणून तिथं कुणी गळ टाकत नसे. पुस्तकात त्यांना महाशीर म्हणतात. दख्खनी महाशीरची शास्त्रात पहिली नोंद १८३९ची, कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं केलेली. त्या शास्त्रीय नावात खुद्री असा शब्द आहे, तो वाचला की मला आजीचं 'खडशी' ऐकू येतं. याच इंद्रायणीच्या वरच्या अंगाला, लोणावळ्याजवळ वळवणला, १९७०च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवून देशभरच्या पाण्यात सोडायचं काम चालू आहे. आणि खाली देहूला तेच मासे मरून काठाला लागल्याच्या बातम्या येत राहतात. आजी गेली तेव्हा मी दहावीत होतो. तिला ही बातमी वाचून दाखवावी लागली नाही, याचं मला बरं वाटतं.

'प्राणिजात' हा शब्द मी चाळीस वर्षं म्हणत आलोय. आमच्या चालीत 'लाहो'वर सूर लांबवतात, मग श्वास संपत आलेला असतो, आणि 'प्राणिजात' घाईनं म्हणून पुढच्या ओवीवर उडी. मुलांनीही तसंच उचललंय. खरं तर त्या ओवीचा सगळा भार त्या शेवटच्या शब्दावर आहे. नेवाशाला १२९०मध्ये एवढा मोठा ग्रंथ पुरा करून ज्ञानोबा मागायला बसतात, तेव्हा हे मागणं माणसांपुरतं ठेवत नाहीत. जो म्हणजे कोण, हे ते शेवटी सांगतात, आणि तिथंच आमचा श्वास संपतो. त्या मुलीनं तो शब्द पुरता ऐकला. वर्ग घेणाऱ्या माणसानं ऐकला नव्हता.

मी यंत्रं गार ठेवण्याचं काम करतो. शहराच्या कडेला एक बिनखिडक्यांची इमारत आहे, तिच्यात रांगेनं सर्व्हर उभे आहेत. ते तापू नयेत म्हणून चिलर, पंप आणि कूलिंग टॉवर चोवीस तास चालू ठेवायचे, ही माझी नोकरी. आत गेलं की एका गल्लीत थंडी वाजते आणि पलीकडच्या गल्लीत भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं होतं. लोकांना वाटतं फोनमधलं सगळं हवेत कुठेतरी साठलेलं असतं. त्याला नावच 'क्लाउड' पडलंय. त्या ढगाला पाणी लागतं, हे मी रोज मीटरवर वाचतो. सर्व्हर जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती टॉवरमध्ये पाण्याची वाफ करून घालवायची, तर एका युनिटमागे साधारण दीड लिटर पाणी जातं. एक मेगावॉटचा भार दिवसभर चालला तर पस्तीसेक हजार लिटर, म्हणजे मोठे साडेतीन टँकर. नुसत्या हवेवर गार करायचं ठरवलं तर पाणी वाचतं आणि वीज जास्त जाते. कुठून तरी काहीतरी जातंच. जगभरातल्या अशा केंद्रांना २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज लागली, जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३०पर्यंत ती दुपटीच्याही पुढे जाईल असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे एक युनिट विजेमागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण तिच्यातली बरीचशी अजून कोळशावर बनते.

मला माझं काम आवडतं, हेही सांगायला हवं. बायकोच्या आजारपणात तिचे रिपोर्ट मुंबईच्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत पाहिले, ते अशाच कुठल्यातरी इमारतीतून गेले असणार. आमच्या गावचा मुलगा दुबईत बसून इथल्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन ऐकतो आणि रडतो. मग मी देवळात जाऊन मुलांना काय सांगायचं? की काकांचं काम वाईट आहे? ते खरं नाही. की काकांच्या कामाचा नदीशी, पावसाशी, त्या माशांशी संबंध नाही? तेही खरं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एक चूक केली होती. ती इथं सांगतो, कारण त्या मुलीच्या प्रश्नाला मी इतकं थोडक्यात का उरकलं, याचं कारण त्यात आहे. वर्ग नुकताच माझ्याकडे आला होता. आधी तो अण्णा घ्यायचे. अण्णा ऐंशीच्या पुढचे, जोग महाराजांनी १९१७मध्ये आळंदीला काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं राहून शिकलेले. गुडघे गेले म्हणून त्यांनी वर्ग माझ्या हवाली केला आणि स्वतः खांबाला टेकून ऐकत बसू लागले. मला वाटलं, आता मुलांना काहीतरी खरं, आजचं सांगावं. मोठ्या कागदावर आलेख काढून नेला. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे २८० भाग होते. १९५८मध्ये हवाई बेटावरच्या डोंगरावर रोजची मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५. आता ४२०च्या पुढे. रेघ वर चढत जाते. मग मी बुडणारी बेटं सांगितली, वणवे सांगितले, उष्माघात सांगितला. मुलं एकदम गप्प झाली. मला ते लक्ष देऊन ऐकणं वाटलं.

त्या रात्री साडेदहाला एका आईचा फोन आला. मुलगा जेवला नव्हता. "आपण मोठे होईपर्यंत राहील का सगळं," असं विचारत होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांकडे गेलो. ते अंगणात शेंगा निवडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या लहानपणी एक महाराज यायचे. यमपुरी रंगवून सांगायचे. उकळतं तेल, करवती. आम्ही पोरं रात्री घराबाहेर पाऊल टाकत नसू. त्या भीतीनं माझ्या हातून एक चांगलं काम झालं असेल तर मला आठवत नाही." एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. "भीती घालून भक्ती होत नाही, बाबा." तेव्हा मला कळलं की मी नुसती चित्रं बदलली होती. तेलाच्या कढईच्या जागी आलेख आणला होता. आकडे सगळे खरे होते, त्यातला एकही मी आज मागे घेणार नाही. पण ज्या जागी बसून मुलं हरिपाठ म्हणतात त्या जागी मी ते असे ठेवले, की त्यांना हात लावायला काही उरलंच नाही. मी तो कागद गुंडाळून माळ्यावर टाकला आणि विषयच सोडून दिला. म्हणून "पाणी" एवढंच उत्तर.

विषय सोडला तरी तो सुटत नाही. एका रविवारी एका मुलानं हात वर करून सांगितलं की तुळस रात्रीसुद्धा ऑक्सिजन देते, मोबाइलवर आलंय, म्हणून ती दारात लावतात. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला त्याला दुखवायचं नव्हतं, पण खोटं तसंच ठेवून पुढे जाणं माझ्याच्यानं झालं नाही. म्हटलं, अरे, रात्री तुळसही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेते. तो हिरमुसला. "मग लावायची कशाला?" हा प्रश्न मला फार लागला. आजी रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना ऑक्सिजनचा हिशेब करत नव्हती. हात जोडण्यासाठी एक झाड दारात असावं, त्याला तहान लागते हे घरातल्या लेकराला कळावं, एवढं तिला पुरत होतं. आपण श्रद्धेला विज्ञानाची खोटी प्रमाणपत्रं चिकटवत सुटलोय आणि त्यानं दोन्ही पातळ होतायत. मुलाला उद्या शाळेत खरं कळलं की तो तुळस टाकून देईल, किंवा शाळेचं विज्ञान टाकून देईल. देवळातल्या वर्गात हवामानाचं विज्ञान आणायचं असेल, तर आधी ही प्रमाणपत्रं खाली उतरवावी लागतील, असं माझं ठाम मत झालंय. 'आमच्या ग्रंथात हे आधीच होतं' या वाक्यानं सुरू होणारा धडा मला मुलांना द्यायचा नाही.

काही पालकांना उलट बाजूनं काळजी वाटते. एकानं मला पारावर गाठून सांगितलं, "सर, हे सगळं शाळेत शिकवतातच. देवळात देवाचं ऐकू द्या पोरांना." त्यांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. आठवड्यातला एक तास पोरं स्पर्धेच्या बाहेर असतात, तोही मी आकड्यांनी भरला तर काय राहिलं? माझा कॉलेजातला मित्र, रसायनशास्त्राचा प्राध्यापक, अगदी वेगळ्या कारणानं तेच म्हणतो. विज्ञानाला विज्ञानाच्या जागी राहू दे, देवळात नेलंस की त्याचं कीर्तन होईल. या दोघांना मी अजून पुरतं उत्तर दिलेलं नाही. पण शाळेत जे शिकवतात ते परीक्षेसाठी, आणि परीक्षा संपली की वही रद्दीत जाते. 'हे माझं आहे, याचं मी काही देणं लागतो' असं वाटायला दुसरी जागा लागते. आमच्याकडे ती जागा अजून आहे. तिथं सतरंजी अंथरलेली आहे, मुलं येतायत.

कामावर माझा एक जोडीदार वसईचा आहे, ख्रिस्ती. घरी सामवेदी बोलतो, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या डब्यातली केळीची भाजी माझ्या डब्यात येते. त्याला हा सगळा घोळ सांगितला तर तो चकित झाला नाही. म्हणाला, आमच्याकडे हे लहानपणापासून चर्चच्या अंगणातच ऐकलं. केळीच्या बागा, पानवेली, गोड्या पाण्याच्या विहिरी, आणि त्या विहिरी उपसून टँकर भरभरून जायचे ते दिवस. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीच्या नावानं लोकांना उभं केलं, त्यात त्याचे वडील होते. धर्मगुरूनं पाण्यावर का बोलावं, असं तेव्हाही लोक विचारायचे. मग २०१५मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीवरच एक मोठं पत्र काढलं, 'लाउदातो सी', म्हणजे 'तुझी स्तुती असो'. त्यात हवामान हे सगळ्यांचं आणि सगळ्यांसाठी असलेलं सामायिक धन आहे असं सरळ म्हटलंय, तापमानवाढीचं विज्ञान नाव घेऊन मांडलंय. जोडीदार म्हणाला, "पण खरं सांगू? मला पत्रापेक्षा ती विहीर आठवते. आई म्हणायची, दुसऱ्याची घागर भरेल एवढं ठेवून मग आपली भर." तो डबा धुवायला गेला आणि मी तिथंच बसून राहिलो. एवढी साधी गोष्ट आमच्या वर्गात मी दोन वर्षांत सांगू शकलो नव्हतो.

त्या मुलीच्या प्रश्नानंतरच्या रविवारी मी अण्णांना म्हटलं, गीतेचा तिसरा अध्याय घेऊ या का. अन्नावर भूतमात्र जगतात, अन्न पावसानं होतं, पाऊस यज्ञानं होतो. यज्ञापाशी मी अडलो, कारण होमानं पाऊस पडतो असं मला मुलांना सांगायचं नव्हतं. अण्णा हसले. "यज्ञ म्हणजे होमच, असं कोण म्हणालं? घेतलं ते फिरतं ठेवायचं. त्याच्या दोनच श्लोक आधीचं वाच. मिळालेलं परत न देता जो भोगतो, त्याला काय म्हटलंय?" मी वाचलं. स्तेन एव सः. तो चोरच. मग मी त्यांना कोळशाचं सांगितलं. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि वर्धा खोऱ्यातला तो कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहूनही जुनं रान. झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन मातीखाली दबून राहिला. रोजचं चक्र वर चालू होतं: झाड घेतं, पान गळतं, कुजतं, परत हवेत. हा जमिनीखालचा साठा त्या चक्रात नव्हता. आपण तो दीड-दोनशे वर्षांत उकरून वर आणला. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो परत कसा द्यायचा?" मी म्हटलं, नाही देता येत, अण्णा. झाडं थोडा धरून ठेवतात, समुद्र थोडा घेतो. बाकीचा वर राहतो, शेकडो वर्षं. "म्हणजे आधी चोरी थांबवायची," ते म्हणाले आणि काठी टेकत उठले. गीतेत कार्बन होता असं ते म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही.

आमच्या वर्गातली निम्मी मुलं सोलापूर, धाराशिव, बीडकडून आलेल्या घरांतली आहेत. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा एका मुलाच्या मामाच्या घरात छातीएवढं पाणी होतं. दावणीची दोन जनावरं गेली. तो पुढच्या रविवारी आला तो गप्पच. तेव्हा मी विषय सोडून दिलेला होता, म्हणून नुसतं डोक्यावरून हात फिरवला. आता तिसरा अध्याय घेताना त्यानंच विचारलं, हा पाऊस कुणामुळे आला. एका पुरावर बोट ठेवून हा तापमानवाढीचाच, असं म्हणता येत नाही, हे आधी सांगितलं. मग सांगितलं की हवा एक अंशानं तापली की ती सात टक्के जास्त बाष्प धरते. मोठी कासंडी असल्यावर ओतताना जास्त सांडणारच. आपल्या पुण्यातल्या, पाषाणच्या हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्ट वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि २०१७मध्ये मांडलं, की मध्य भारतात एकाच वेळी दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५०पासून तिपटीनं वाढल्यात. पाडव्याला आम्ही पंचांगात वाचतो, मृगाचं वाहन अमुक, हस्ताचं तमुक; वाहनावरून त्या नक्षत्रात पाऊस कसा पडेल याचा अंदाज धरतात. मुलांना ती वाहनं फार आवडतात, बेडूक आला की टाळ्या पडतात. तो मुलगा म्हणाला, "मग आता हत्ती जास्त मोठा झालाय." मी ते फळ्यावर लिहून ठेवलं. या वेळी कुणी घाबरलं नाही. त्याला विचारायला मिळालं होतं, म्हणून असेल.

फोनचंही असंच झालं. एका मुलानं हरिपाठातल्या एका अभंगाचा अर्थ फोनला विचारला आणि उत्तर मला आणून दाखवलं. बरं होतं उत्तर. त्या उत्तराच्या मागे कुठेतरी माझ्यासारखाच एक माणूस रात्रपाळीला उभा होता, हे मी त्याला सांगितलं; टॉवरवरची वाफ, पहाटे तीनला वाचायचा मीटर, सगळं. मुलं डोळे मोठे करून ऐकत होती. एका प्रश्नाला लागते ती वीज अगदी थोडी, त्यासाठी कुणी अपराधी वाटून घ्यायचं नाही, हेही सांगितलं. फोन रोज चार्ज केला तरी वर्षाला आठ-दहा युनिट. फोनचा मोठा बोजा तो बनतानाच पडून गेलेला असतो, खाणीत आणि कारखान्यात. २०२२मध्ये जगात ६२० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला चौथा भागही रीतसर गोळा झाला नाही. "म्हणजे जुनाच फोन वापरायचा," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं लगेच माझ्याकडे पाहिलं. माझा फोन दिवाळीत घेतलेला होता आणि आधीचा नीट चालत होता. मी तसं कबूल केलं. आधीचा आता कपाटातून काढून धाकट्या भावाला दिलाय.

माशांचं उत्तर मात्र राहिलंच होतं.

प्राध्यापक मित्राकडून ऑक्सिजन तपासायच्या काचेच्या बाटल्या आणि दोन द्रावणं मागून आणली. देवळात विज्ञान नको म्हणणारा तोच मित्र स्वतः येऊन कसं करायचं ते दाखवून गेला. बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा ठेवायचा नाही. मग द्रावणं सोडायची, बूच लावायचं, उलटसुलट करायची. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. हे करायचं ते नदीवरच, जागच्या जागी; बाटली घरी आणून उपयोग नाही. हातमोजे घालून, मुलांना दोन हात लांब उभं करून, मी पहिली बाटली आमच्या खालच्या अंगाला, नाला नदीला मिळतो तिथं भरली. साका धरला. पांढरा, दुधासारखा, छान खाली बसत गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पांढरं म्हणजे स्वच्छ, असंच कुणालाही वाटणार. "पांढरा म्हणजे श्वास नाही," मी म्हणालो, आणि टाळ्या थांबल्या. कार्तिकीतला फेसही पांढराच होता, हे कुणीतरी हळूच म्हणालं. मी सांगितलं की हे तापमानवाढीनं झालेलं नाही, हे आपलं सांडपाणी आहे; पण पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. म्हणजे आधीच गुदमरलेल्या माशावर हे दुसरं.

जानेवारीतल्या एका रविवारी वर्ग देवळात न भरवता टेम्पो करून कामशेतच्या वरच्या अंगाला गेलो. अण्णाही आले, पुढच्या सीटवर. पाणी गुडघाभर, खडकांवरून वाहणारं, तळाचे गोटे दिसत होते. एक धोबी पक्षी शेपटी हलवत दगडावरून दगडावर जात होता. बाटली भरली. द्रावण पडताच तपकिरी ढग उठला, ओल्या मातीसारखा, चहाच्या चोथ्यासारखा, आणि दाट होत खाली बसला. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, सगळे पुढे वाकून पाहत राहिले. ती मुलगी माझ्या कोपराशी उभी होती. "हे पाहिजे असतं त्यांना," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मग थोड्या वेळानं, "काका, हे आता कुठे ओतायचं?"

मी नदीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. त्या बाटलीत आता क्षार होता, मँगनीज होतं. जे मोजायला आलो ते मोजताना आम्ही त्या पाण्याचा एक पेलाभर भाग कुणालाच पिता येणार नाही असा करून ठेवला होता. काठावर ओतलं तरी ते खालीच जाणार, देहूला, आळंदीला, तुळापूरला भीमेत, उजनीत, आणि पुढे पंढरपूरला. "इथं नाही," मी म्हणालो. अण्णांनी आपल्या पिशवीतली लोणच्याची रिकामी बरणी काढून दिली. तिच्यात ओतलं, झाकण घट्ट लावलं, वर मार्करनं 'हात लावू नये' लिहिलं. सोमवारी मित्राच्या प्रयोगशाळेत द्यायची होती.

परतताना बरणी मी मांडीवर धरून बसलो. वर्ग बुडायला नको म्हणून मुलांनी टेम्पोतच पसायदान सुरू केलं. घाटरस्त्याच्या वळणावर बरणीतला तपकिरी साका हिंदकळून वर आला, तेव्हा पोरं 'लाहो'वर होती, आणि मागच्या सीटवरून एक आवाज श्वास राखून थांबला होता.